हू, व्हॉट, विच आणि भालकीकर टीचर

भालकीकर टीचरच्या दाराची बेल दाबली की कडी निघायच्या आधी आतून प्रश्न यायचा, "हू इज इट?"

आपण म्हणायचं, "मी."

"मी कोण? ह्या बिल्डिंगीत सगळेच मी आहेत."

मग नाव सांगायचं. नाव सांगितल्याशिवाय दार उघडत नसे. दूधवाल्याला नाही, गॅसवाल्याला नाही आणि रोज दुपारी चहाला खाली उतरणाऱ्या माझ्यासारख्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीलाही नाही. दार उघडलं की समोर ठेंगणी, गोल चेहऱ्याची, नारायणपेठी साडी चापूनचोपून नेसलेली बाई. त्या डावखुऱ्या, त्यामुळे डाव्या हाताची बोटं खडूनं पांढरी. चष्मा कपाळावर चढवलेला आणि त्याच चष्म्याचा घरभर शोध चालू.

एकदा मी विचारलं, "टीचर, जिवंत माणसाला 'इट' कसं चालतं? वर्गात तर तुम्ही त्यावरून रागावता."

"अगं, दार बंद आहे तवर तुला काय ठाऊक, बाहेर बाई आहे का बुवा? लेकरू आहे का म्हातारं? म्हणून 'इट'. दार उघडलं, तोंड दिसलं, की 'इट' खल्लास. मग 'ही' नाहीतर 'शी'." जरा थांबून म्हणाल्या, "इंग्रजांनी तेवढी एकच जागा ठेवली बघ. तोंड दिसायच्या आधीची."

माझी त्यांची ओळख झाली ती आम्ही हैदराबादेत तारनाक्याला राहायला आलो त्याच दिवशी. नवऱ्याची आणि माझी, दोघांचीही नोकरी कॉम्प्युटरमधली. पुण्यातलं बिऱ्हाड हलवून आलो होतो. ट्रकमधून सामान उतरत होतं आणि मी हातात कुकर घेऊन जिन्यापाशी उभी होते. सोसायटीचे सेक्रेटरी मोठ्या अगत्यानं पुढे आले. तेही मराठी, मूळचे मुंबईचे.

"पाटील? वा, वा. कुठले पाटील?"

"सांगलीकडचे."

"तसं नव्हे हो. पाटील म्हणजे... कोणते?"

त्यांना काय विचारायचंय ते मला कळलं होतं. असा प्रश्न आला की मी एरवी हसून वेळ मारून नेते. तेवढ्यात तळमजल्याच्या दारातून आवाज आला.

"सेक्रेटरीसाहेब, इंग्रजीत 'विच' कधी वापरतात सांगू का? समोर ठरावीक माणसं उभी असली, आणि त्यातला एक निवडून काढायचा असला, की 'विच'. इथं ही एकटी उभी आहे, हातात कुकर घेऊन. एकट्या माणसाला 'विच' लागत नाही."

सेक्रेटरी गोरेमोरे झाले. "मी आपलं सहज विचारलं हो, टीचर."

"हौ, सगळे सहजच विचारतात," टीचर म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "कुकर ठेव गं तिथं. कुणी नेत नाही. आधी चहा घे."

त्या चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं होती आणि प्रश्नांची मोठी सरबत्ती होती. मी काय करते, मला काय आवडतं, पुण्यात मागे कोण आहे, सासूशी पटतं का. जातीचा सोडून सगळा पत्ता त्यांनी त्या एका बैठकीत काढून घेतला.

त्या मूळच्या भालकीच्या. भालकी आज कर्नाटकात आहे, एके काळी हैदराबाद संस्थानात होती. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात उर्दू, आणि रेल्वेतल्या कारकुनाशी लग्न होऊन हैदराबादेत आल्यावर शेजारात तेलुगू. इंग्रजी सगळ्यात शेवटी आली, आणि त्या सगळ्यात जास्त तिच्यावरच भाळल्या. एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. नवरा गेला, नोकरी संपली, मूलबाळ नव्हतं. मग हॉलमधल्या सोफ्याच्या पाठीवर एक हिरवा फळा टेकवला आणि दुपारच्या वेळी बायकांचा वर्ग सुरू केला. विद्यानगरपासून लालागुड्यापर्यंतच्या बायका यायच्या. कुणाला मुलांच्या शाळेत मीटिंगला जायचं असायचं, कुणाला मॉलमध्ये नोकरी हवी असायची, कुणाचा नवरा परदेशी असायचा. सगळ्या त्यांना 'टीचर' म्हणायच्या. मीही म्हणू लागले. त्यांचं पहिलं नाव शकुंतला, हे मला फार उशिरा कळलं.

वर्गाचा नियम एकच होता. "चूक जोरात करा. हळू केली तर मला ऐकू येत नाही, मग मी दुरुस्त काय करू, कप्पाळ?"

त्यामुळे दुपारी आमच्या घरात बसून मी ऑफिसच्या मीटिंगा करत असले की खालून मोठमोठ्यानं केलेल्या चुका ऐकू यायच्या. पुढे पुढे माझा चहाचा वेळ आणि त्यांचा वर्ग एकच झाला. मी कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसून चहा प्यायची आणि ऐकायची.

टीचरचा सगळ्यात आवडता धडा होता माणसांबद्दल विचारायचा. तो त्या कधीही, कुठल्याही निमित्तानं काढायच्या. फळ्यावर एक माणूस काढायचा, म्हणजे एक गोल आणि पाच रेघा, आणि त्याच्याभोवती प्रश्न लिहायचे. मग एकेका प्रश्नावर टिचकी मारत सांगायचं.

"हू इज ही? कोण आहे? उत्तरात नाव येईल, नातं येईल. रमेश आहे, माझा भाऊ आहे. व्हॉट इज ही? उत्तरात धंदा येईल. सुतार आहे, डॉक्टर आहे. हाऊ इज ही? तब्येत. बरा आहे, ताप आहे. व्हॉट इज ही लाइक? स्वभाव. तापट आहे, गरीब आहे. बघा, माणूस तोच. प्रश्न बदलला की वेगळाच दरवाजा उघडतो."

"टीचर, तेलुगूत पण असंच आहे," पद्मा म्हणायची. पद्मा शिवणकाम करायची, हसरी आणि तोंडानं फटकळ. "माणसाला 'एवरु', वस्तूला 'एमिटि'."

"आहे की! उर्दूत 'कौन' आणि 'क्या', मराठीत 'कोण' आणि 'काय'. तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. मग इंग्रजी बोलताना कुठं ठेवून येता?"

एकदा त्यांनी सगळ्यांना घरून लग्नातला ग्रुप फोटो आणायला सांगितलं. पद्मानं आपला फोटो पुढे केला, आणि टीचरनी शेजारच्या बाईला प्रश्न विचारायला लावला. त्या बाईनं फोटोतल्या एका जाडजूड, गंभीर चेहऱ्याच्या म्हातारीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "व्हॉट इज धिस?"

"अगं, सासू आहे ती तिची! फर्निचर आहे का?" टीचर ओरडल्या.

"नाही टीचर," पद्मा शांतपणे म्हणाली, "आमच्या अत्तम्माला 'व्हॉट'च करेक्ट आहे."

वर्ग हसून हसून लोळला. टीचरही हसल्या, पण फळ्यावर 'हू' लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढल्याशिवाय राहिल्या नाहीत.

मग नसरीनचा फोटो आला. नसरीन वर्गातली सगळ्यात लहान, सगळ्यात अबोल. लग्न होऊन काही आठवड्यांतच नवरा आखातात ड्रायव्हर म्हणून परत गेला होता. तो तिकडे, ही इकडे सासूजवळ लालागुड्याला. मधे एकदाच सुट्टीवर येऊन गेलेला.

"विच वन इज युअर हजबंड?" टीचरनी विचारलं, आणि नसरीननं शेरवानीतल्या एका सडपातळ तरुणावर बोट ठेवलं.

"व्हॉट इज ही?"

"ही इज ड्रायव्हर."

"अ ड्रायव्हर. व्हॉट इज ही लाइक?"

"ही लाइक बिर्याणी."

पुन्हा हशा. टीचरनी समजावलं, की इथं आवड विचारलेली नाही, माणूस कसा आहे ते विचारलंय. नसरीन बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग दखनी उर्दूतच म्हणाली, "मेरेकु मालूम नै, टीचर. फोन पे तो अच्छे हैं."

कुणी हसलं नाही. टीचरनी खडू खाली ठेवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हौ. तेवढं पुरे आज."

अशा हळव्या असल्या तरी भांडायची संधी त्या सोडत नसत. आमच्या वॉचमननं एका पाहुण्याला गेटवर "व्हॉट डू यू वॉन्ट?" असं विचारलं आणि पाहुणा दुखावला. तक्रार आली. टीचरनी वॉचमनला खुर्चीत बसवून शिकवलं, "हू वुड यू लाइक टू सी, सर?" ते ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक चवताळून खाली आले.

"हूम! 'हूम' पाहिजे तिथे! तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका ना?"

"पुस्तकात 'हूम' लिहा, सर. बरोबर आहे तुमचं, मी कुठं नाही म्हणायले? पण गेटवर 'हूम' म्हटलं की समोरच्याला वाटतं आपली परीक्षा चालू आहे. त्याला आत यायचंय, पास व्हायचं नाही."

पुढचे कित्येक दिवस ते दोघं जिन्यात भेटले की एक 'हूम' म्हणून नमस्कार करायचा आणि दुसरी 'हू' म्हणून. दोघांनाही त्यात फार मजा यायची.

मग ती दुपार आली.

वर्ग चालू होता. मी मोड्यावर होते. नसरीनचा फोन वाजला. वर्गात फोन घ्यायला बंदी होती, पण परदेशातला नंबर दिसला म्हणून टीचरनी मानेनं खुणावलं. फोन तिच्या नवऱ्याच्या, इरफानच्या, खोलीतल्या सोबत्याचा होता. कामगारांना घेऊन जाणाऱ्या बसला अपघात झाला होता, इरफानला हॉस्पिटलात नेलं होतं. सोबत्यानं तिथला नंबर दिला आणि त्याचा फोन कट झाला.

पद्मानं नंबर लावून दिला. मी पुढे झाले. "दे, मी बोलते," म्हटलं. माझं इंग्रजी सफाईदार, दिवसभर परदेशी माणसांशीच बोलायचं काम. टीचरनी माझं मनगट धरलं.

"थांब. ते बायकोलाच विचारणार. आणि हिला त्याच्याबद्दल जे ठाऊक आहे, ते तुला नाही."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे एक नर्स, बहुतेक फिलिपिनो; हिंदी अजिबात येत नव्हतं. नसरीननं नाव सांगितलं, मोहम्मद इरफान, इंडिया, हैदराबाद. आणि मग एकदम रडवेल्या आवाजात विचारलं, "व्हॉट इज माय हजबंड? सिस्टर, व्हॉट इज माय हजबंड?"

नर्स गोंधळली. कागद चाळल्याचा आवाज आला. "ही इज... ड्रायव्हर, मॅडम?"

नसरीननं आमच्याकडे बघितलं. ते डोळे मी विसरू शकत नाही. टीचर तिच्या कानाशी वाकल्या. आवाज वर्गातला नव्हता, अगदी हळू होता. "हाऊ, बेटा. हाऊ."

"हाऊ इज ही? सिस्टर, हाऊ इज ही?"

नर्सनं पुन्हा कागद चाळले. मग म्हणाली, "मॅडम, वन मिनिट. वुई हॅव टू मोहम्मद इरफान. बोथ फ्रॉम इंडिया. सेम बस." इथं ती थांबली. "मॅडम, विच वन इज युअर्स?"

दोन इरफान. एकाच बसमधले. त्या थांबण्यावरूनच आम्हा सगळ्यांना कळलं, की दोघांची उत्तरं वेगळी आहेत. नसरीनलाही कळलं. ती खाली बसली. टीचर तिच्याबरोबर खाली बसल्या, गुडघे दुखत असताना, फरशीवर.

"कसा दिसतो ते सांग तिला. काय वेगळं आहे त्याच्यात?"

"हात पे..." नसरीननं स्वतःचं उजवं मनगट उलटं करून फोनसमोर धरलं.

"तिला दिसत नाही गं. सांग. शब्दात सांग."

"राइट हँड," नसरीन म्हणाली. "बर्न. ओल्ड बर्न, सिस्टर. ही... बिर्याणी पॉट. लाँग, लाइक धिस." मग स्वतःलाच सावरून, "फ्रॉम हियर... रिस्ट... टू एल्बो."

नर्स बघायला गेली. फोनमध्ये कुठलीशी गोड धून वाजत राहिली. हॉलमध्ये आम्ही सगळ्या त्या धुनीभोवती बसलो होतो. पद्मा तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. टीचरनी नसरीनचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि खडूची पांढरी पूड तिच्या बोटांना लागली होती.

"मॅडम? यस. बर्न मार्क, यस. ही हॅज लेग ऑपरेशन. ही इज स्लीपिंग. ही इज अलाइव्ह, मॅडम."

मग जे व्हायचं ते झालं. रडारड, मिठ्या. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात पळाले. पाणी घेऊन आले तेव्हा टीचरच्या हातात फोन होता. त्यांचा तो इस्त्री केलेला इंग्रजी आवाज लागला होता.

"सिस्टर, प्लीज डोन्ट कट. द अदर बॉय. हू इज ही? हू आर हिज पीपल? हॅज एनीबडी आस्क्ड अबाउट हिम?"

पलीकडून उत्तर आलं, की नाही. त्याच्यासाठी अजून कुणाचाच फोन आलेला नाही.

आमच्यापैकी एकीच्याही मनात तो दुसरा इरफान आला नव्हता, हे मला मान्य करायला हवं. आमचा वाचला होता. टीचरना मात्र तिथं थांबताच येईना.

त्या संध्याकाळपासून त्यांनी फोनचा सपाटा लावला. इरफानच्या सोबत्याकडून कळलं की तो दुसरा मुलगा निजामाबादजवळच्या एका गावचा, लग्न न झालेला, घरी आई. एजंटानं घरी नुसतं 'जखमी आहे' असं सांगून ठेवलं होतं. टीचर म्हणाल्या, पोरगा गेला हे फोनवर सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नसरीनला घेऊन बस स्टँडवर गेल्या. मी गाडीनं सोडते म्हटलं तर म्हणाल्या, "नक्को. दारात गाडी थांबली की माणसं आधीच घाबरतात."

तिथं काय झालं ते मला नसरीननं नंतर सांगितलं. त्या मुलाची आई रहीमबी दारात आल्या आणि त्यांनी विचारलं, "आप कौन?" टीचरनी नसरीनकडे बघितलं. शेवटी नसरीन म्हणाली, "हम इरफान के घर से आए, अम्मा." रहीमबी हसल्या. म्हणाल्या, "इरफान का घर तो येइच है, बेटा." आणि मग दोघींच्या तोंडाकडे बघता बघता त्यांचं हसू थांबलं.

टीचर परत आल्या त्या दिवशी त्यांनी वर्ग घेतला नाही. मी चहा करून दिला. कप हातात धरून बसल्या, प्यायल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "मी तिला विचारलं, पोरगा कसा होता. दुपारपर्यंत सांगत होती."

त्याला घरी आणायचं काम टीचरनी आपल्याकडे घेतलं. कंपनी, वकिलात, एजंट. रोज सकाळी अंघोळ करून, साडी नीट नेसून त्या फोनला बसायच्या, जणू कुणाच्या घरी भेटायला निघाल्या आहेत. कुणावर चिडल्या नाहीत. सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायच्या, 'मी त्याच्या आईच्या वतीनं विचारतेय.' समोरचा वैतागला की पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच शांतपणे.

अखेर विमान आलं. रहीमबी आणि त्यांचा भाऊ निजामाबादहून आले होते. मी टीचरना गाडीनं घेऊन गेले. विमानतळावर माल उतरतो त्या बाजूला जायचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एका बाजूला खोकी, फ्रीज, कसली तरी यंत्रं. खिडकीवरचा तरुण मुलगा मान खाली घालून कागद बघत होता. दिवसभर तो सगळ्यांना जे विचारतो तेच त्यानं विचारलं, "व्हॉट इज इट, मॅडम? विच आयटम?"

मला वाटलं, आता टीचर त्याला फैलावर घेतील. तसं काही झालं नाही. त्या खिडकीजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "नॉट व्हॉट, बेटा. हू. ही इज मोहम्मद इरफान. दॅट इज हिज मदर."

मुलानं मान वर केली. मागे बाकावर बसलेल्या रहीमबींकडे बघितलं. आणि तो उठून उभा राहिला. पुढचं सगळं काम त्यानं उभ्यानंच केलं. कागद हातात दिले, सह्या कुठं करायच्या ते बोटानं दाखवलं, बाहेर येऊन ॲम्ब्युलन्सपर्यंत सोबत चालला. जाताना टीचरनी त्याच्या गालाला हात लावला.

आमचा इरफान काही महिन्यांनी परत आला, एका पायानं लंगडत. आता त्यानं तारनाक्याच्या मेट्रो स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचं छोटंसं दुकान टाकलंय. नसरीन वर्गाला येत राहिली. तिचं इंग्रजी भराभर सुधारलं, त्याचं कारण तिनंच एकदा सांगितलं. सासूला कळू नये म्हणून ती नवऱ्याशी इंग्रजीत भांडायची. त्याला तिकडे राहून थोडंफार येत होतं, तरी हरायचा तोच. टीचरना हे इतकं आवडलं, की त्या रोज वर्ग सुरू होताना विचारायच्या, "हू वन यस्टरडे?" आणि नसरीन पदर सावरत म्हणायची, "मी, टीचर."

पण टीचरचे डोळे हळूहळू जायला लागले. आधी फळ्यावरच्या ओळी तिरक्या व्हायला लागल्या. मग चष्मा डोळ्यांवर असतानाही त्या चष्मा शोधायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, आता थांबवण्यासारखं काही नाही, आहे ते जपा. भालकीला धाकटे भाऊ होते, ते येऊन घेऊन जातो म्हणाले. टीचर पुष्कळ दिवस नाही म्हणत होत्या. एक दिवस उकळता चहा कपाऐवजी हातावर ओतला गेला, त्यानंतर नाही म्हणाल्या नाहीत. फळा त्यांनी पद्माला दिला. पद्मा त्यावर ब्लाउजची मापं लिहिते.

नामपल्लीला त्यांना सोडायला गेलो तेव्हा वर्गातल्या बहुतेक सगळ्या जणी आल्या होत्या. प्राध्यापकही काठी टेकत आले होते. सगळे नुसते सामानाबद्दल बोलत होते. भाऊ डब्यात जाऊन जागा बघून आले. टीचर कुठं दिसेनात म्हणून मी शोधायला गेले.

त्या प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला एका बाकावर बसल्या होत्या, आणि शेजारी रहीमबी. निजामाबादहून सकाळच्या गाडीनं एकट्याच आल्या होत्या. त्यांना कुणी कळवलं होतं, मला माहीत नाही. दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, समोरच्या रिकाम्या रुळांकडे तोंड करून. रहीमबी अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. कातरून झाली की थोडी टीचरच्या तळहातावर ठेवायच्या, थोडी आपल्या तोंडात टाकायच्या.

मी जवळ गेले नाही. परत फिरून सगळ्यांना सांगितलं, की येतायत, बसू दे जरा.

गाडी सुटायच्या वेळेला टीचर खिडकीशी होत्या. आम्ही हात हलवले, त्यांनीही हलवला, पण आम्ही उभे होतो त्याच्या जरा डावीकडे. रहीमबी गजांपाशी उभ्या होत्या. हवेत गारठा होता. त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढली, घडी करून गजांमधून आत सरकवली, आणि दोन्ही हात आत घालून ती टीचरच्या कानांवरून, डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट गुंडाळली. टीचर मान पुढे करून, डोळे मिटून बसल्या होत्या. गाडी हलली तरी रहीमबींचे हात आतच होते. दोन पावलं त्या गाडीबरोबर चालल्या, शालीचं शेवटचं टोक आत खोचलं, आणि मग हात काढून घेतले.